खंडेनवमीचं निमंत्रण आणि चौथा क्रेट

३ ऑक्टोबर, शुक्रवार, दसऱ्याचा दुसरा दिवस. महाळुंगे, कंपनीचं ऑफिस.

हजर: मी, ऑफिस आणि डिस्पॅच सांभाळणारी. क्वालिटी बघणारी मॅडम, मूळची रत्नागिरीकडची, माझ्याहून बारा वर्षांनी लहान. मालक, ज्यांना शेडमध्ये सगळे आण्णा म्हणतात. दुपारी बारानंतर कॉम्प्युटर बघणारे भाऊ, पुनावळ्याहून. गैरहजर: टेम्पोचा ड्रायव्हर, दसऱ्यासाठी गावी. सात वेल्डरपैकी तीन, तेही गावीच.

ही हजेरी मी त्याच दिवशी सकाळी आठ वाजता लिहिली, भाऊंची ओळ तेवढी दुपारी वाढवली. रोज लिहिते. आधी हजेरी, मग दिवसाची कामं, प्रत्येक कामापुढे एक चौकोन, काम झालं की चौकोनात बरोबरची खूण. त्या दिवसाच्या पानावर पाच कामं सरळ अक्षरात आहेत. त्याखालचं अक्षर वाचताना आजही मला वाटतं की हे दुसऱ्याच कुणीतरी लिहिलंय.

आमची कंपनी लहान आहे. गाड्या बनवणाऱ्या एका मोठ्या कारखान्याला आम्ही ब्रॅकेट पुरवतो. ब्रेकचं पेडल ज्याच्या आधारावर बसतं तो लोखंडी तुकडा, तळहाताएवढा. त्याला चार ठिकाणी वेल्डिंग असतं. नियम असा की प्रत्येक लॉटचा पहिला आणि शेवटचा नग बाजूला काढायचा, व्हाइसमध्ये आवळायचा आणि हातोड्याने तोडायचा. पत्रा फाटला पण जोड टिकला, तर वेल्डिंग चांगलं. जोडच सुटला तर अख्खा लॉट थांबवायचा.

मंगळवारी दुसऱ्या शिफ्टला एक लॉट संपला, चार क्रेट, प्रत्येकात चाळीस नग. त्याचा शेवटचा नग तोडायचा राहिला होता. कारण बुधवारी खंडेनवमी. मंगळवारी संध्याकाळपासूनच सगळे मशिनं पुसायला लागले होते. वेल्डिंग मशिनं, प्रेस, पाने, पकडी, मापाची हत्यारं, सगळं धुऊन पाटावर मांडलं होतं. त्यात तो हातोडाही. आमच्याकडे पूजेला मांडलेलं हत्यार दसरा होईपर्यंत उचलत नाहीत. आण्णा या बाबतीत कडक आहेत. शेतात नांगर होता तेव्हा नांगर, आता प्रेस, एवढाच फरक, असं ते म्हणतात.

बुधवारी सकाळी चारही क्रेट टेम्पोत चढले. मी मॅडमला विचारलं, "आणि शेवटचा नग?"

"शुक्रवारी तोडते ताई. हातोड्याला कुंकू लागलंय, आता आण्णा हात लावू देतील होय?"

"दुसरा हातोडा?"

"सगळेच पाटावर बसलेत."

मी हसले. वहीत लिहिलं: शुक्रवार, पहिलं काम, नग तोडणे. टेम्पो कारखान्यात माल उतरवून आला आणि मग त्यालाही हार घातला. ऑफिसातल्या कपाटात आमचा मेल सर्व्हर आहे, लहानशा फ्रिजएवढा काळा डबा, भाऊंनी बसवून दिलेला. त्यालाही मी हळदकुंकू लावलं आणि झेंडूची एक माळ घातली. मग सगळ्यांनी पेढे खाल्ले.

शुक्रवारी आठ वाजून वीस मिनिटांनी मॅडमने पाटावरचा हातोडा उचलला. मी काचेतून बघत होते. पहिल्याच घावाला तुकडा उडून जमिनीवर पडला. तिने तो उचलला, उजेडात धरला, आणि माझ्याकडे न बघता नुसता हात वर करून मला बोलावलं.

जोड अख्खा सुटला होता. आतून टोस्टला असते तशी जाळी. वेल्डिंग करताना जोडाला हवेपासून वाचवणारा सिलिंडरमधला गॅस मंगळवारी शिफ्टच्या शेवटी संपत आला होता आणि सफाईच्या गडबडीत कुणी काट्याकडे बघितलं नव्हतं. किती नग असे निघाले असतील ते सांगता येत नव्हतं. शेवटचे दहा, शेवटचे साठ.

"ताई, हे ब्रेकचं आहे," मॅडम म्हणाली. मला ते माहीत होतं. तिलाही माहीत होतं की मला माहीत आहे.

मला आकडे पाठ असतात. कारखान्याकडे आमचा आधीचा साठा दुपारपर्यंत पुरणार होता. दुसरी शिफ्ट तीनला सुरू होते. म्हणजे तीनच्या सुमारास हे ब्रॅकेट लाइनवर चढणार आणि गाड्यांत बसणार. तीनच्या आत थांबवायचे. हातात साडेसहा तास होते, आणि असा प्रसंग आला तर काय करायचं याची पद्धत ठरलेली होती. पुरवठादाराने ठरलेल्या पत्त्यावर मेल करायचा, लॉट नंबर द्यायचा, विषयात 'वापर थांबवा' असं लिहायचं. तिथला क्वालिटीचा साहेब लॉटला लाल टॅग लावतो. फोनवर सांगितलेलं धरत नाहीत, लेखी लागतं.

आठ चाळीसला मी मेल केला. आण्णांना सांगितलं. ते तोंडावर पाणी मारून आले आणि म्हणाले, "धाडला न्हवं? मग आता त्यांचं त्ये बघतील. आपल्या पोरांस्नी बोलू नका आज. म्या बोलतो उद्या." मी चौकोनात खूण केली.

ती खूण अजून पानावर आहे. तिच्यानंतर अडीच तास मी बाकीची कामं केली. मालासोबत जाणारी चलनं लावली, गॅसवाल्याला फोन केला, हजेरीचा तक्ता भरला. त्या अडीच तासांची मला आज सगळ्यात जास्त भीती वाटते, कारण तेव्हा मला भीती वाटत नव्हती.

अकरा वाजून दहा मिनिटांनी लक्षात आलं की मेल मिळाल्याची पोच आली नाही. त्या साहेबांची पोच एरवी दहा मिनिटांत येते. मी त्यांचा मोबाइल लावला. बंद. आत मोबाइल नेऊ देत नाहीत, गेटवर जमा करतात, म्हणून मी ऑफिसच्या नंबरवर लावला.

"सर रजेवर आहेत. सोमवारी येतील," तिकडची मुलगी म्हणाली.

"त्यांच्या जागी कोण आहे?"

"ते रजेच्या मेलमध्ये लिहिलंय मॅडम. तुम्ही मेल केला असेल तर तुम्हाला आपोआप आलं असेल."

"मला काही आलं नाही. मी सकाळी पावणेनऊला मेल केलाय. वापर थांबवायचा मेल आहे."

कीबोर्डचा आवाज आला. "ग्रुपच्या मेलवर तुमच्याकडून काहीच नाहीये. शेवटचा मेल सोमवारचा दिसतोय."

"बाई, ब्रेकचा ब्रॅकेट आहे. तुम्ही लाइनवर कुणाला तरी सांगा."

"मला लाइनवर फोन देता येत नाही. तुम्ही परत मेल करा ना, मी बघते आल्याबरोबर."

मी परत केला. ती फोनवर होती. आला? नाही. परत केला. नाही. मी फोन ठेवला आणि मेल पाठवत सुटले. एकदा, दोनदा, नऊदा. प्रत्येक वेळी पडद्यावर 'पाठवला' असं येत होतं. माझ्या कानात सूं असा आवाज बसला होता. मॅडम मागे उभी होती. ती म्हणाली, "ताई, तुम्ही श्वास घ्या."

मग मला ते फोल्डर आठवलं.

परत आलेले मेल इनबॉक्समध्ये घाण करतात, म्हणून मी पूर्वीच एक व्यवस्था केली होती. न पोचता परत आलेला कुठलाही मेल आपोआप 'परत आलेले' नावाच्या फोल्डरमध्ये जायचा, आणि तो मी दर शनिवारी बघायची. मी ते उघडलं. तीनशेच्या वर मेल होते. सगळ्यात वर माझा नववा, त्याखाली आठवा, आणि असं उतरत उतरत आठ चाळीसचा. आठ एकेचाळीसलाच परत आला होता. इंग्रजीत दोन ओळी: तुमचा सर्व्हर नको असलेले मेल पाठवणारा म्हणून यादीत आहे, तुमचा मेल स्वीकारता येत नाही.

मी खुर्चीत बसलेली होते तरी मला वाटलं की मी पडतेय.

भाऊंना फोन केला. ते मूळचे बीडकडचे, पुनावळ्यात राहतात, आमच्यासारख्या वीसेक लहान कंपन्यांचे कॉम्प्युटर बघतात. ते म्हणाले, "ताई, आता एकही मेल दाबू नका. जितकं दाबायलात तितकं ते म्हणतेत की हा खरंच चोर आहे. हात बाजूला ठेवा. मी निघालोच."

बारा वाजता ते आले. हेल्मेट काढायच्या आधी कपाट उघडलं. सर्व्हरवरची माळ सुकली होती, ती त्यांनी नीट उचलून खिडकीत ठेवली. मग लॅपटॉप जोडला. मी, मॅडम, आण्णा, तिघेही त्यांच्या खांद्यावरून बघत होतो. त्यांनी आम्हाला समजेल असं सांगितलं. जगात काही संस्था यादी ठेवतात, कुठल्या सर्व्हरवरून कचरा मेल सुटतो याची. मोठ्या कारखान्यांचे सर्व्हर आलेला मेल उघडायच्या आधी ती यादी बघतात. तिच्यात नाव असलं की दारातूनच परत. आत कुणाला कळतही नाही की कुणी आलं होतं.

"पण आपण कुठं कचरा धाडतो?" आण्णा म्हणाले. "चोराला धरायचं सोडून आमाला कशापायी धरलं?"

"तेच बघायलोय." भाऊंनी बोटाने ओळी खाली सरकवल्या आणि थांबले. "सोमवारी दुपारी एका तासात अकराशे मेल गेलेत इथून. कुणी धाडले, ताई?"

"मी," मी म्हणाले. "खंडेनवमीचं निमंत्रण."

दर वर्षी पाठवते. गेल्या वर्षीच्या पूजेचा फोटो, वर कंपनीचं नाव, खाली 'सहकुटुंब यावे'. गिऱ्हाइकं, पुरवठादार, वाहतूकवाले, जुने अधिकारी, ज्यांचं कधी काळी कार्ड मिळालं ते सगळे. सतरा वर्षांची यादी. मला त्या यादीचा अभिमान होता. तिच्यात नाव वाढायचं, कमी व्हायचं नाही.

भाऊंनी परत आलेल्यांतला एक पत्ता दाखवला. "हे कोण?"

"ऑइलवाले होते. कंपनी बंद पडली. दहा वर्षं झाली असतील."

"हे?"

"ते खरेदीचे साहेब. रिटायर झाले."

"अन् हे?"

"ते वारले."

भाऊंनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. "मग निमंत्रण कुणाला दिलं?"

आण्णा एकदम हसले. मॅडमही हसली, आणि लगेच दोघांची तोंडं मिटली, कारण मी हसले नव्हते. मला माहीत होतं की ते गृहस्थ गेले. मी त्यांच्या दहाव्याला गेले होते. तरी पत्ता काढला नव्हता. यादीतून माणूस कसं काढायचं, असं काहीतरी मनात होतं.

भाऊंनी सांगितलं ते असं. असे मेलेले पत्ते काही वर्षांनी सापळे म्हणून लावतात. त्या पत्त्यावर आता कुणी राहत नाही, म्हणजे तिथं जो मेल टाकतो तो न विचारता टाकतो, म्हणजे तो कचरावाला. "तुमच्या यादीत असे सहा-सात असतील. तेवढे बास झाले. त्यांच्या लेखी पूजा नाही न् पेढे नाहीत. अकराशे मेल न् मेलेले पत्ते, एवढंच दिसतंय त्यांना."

"मग सांगा की त्यांना, ही पूजा होती म्हणून," आण्णा म्हणाले. "माणूस हाय ना तिथं कुणी?"

"फॉर्म आहे."

फॉर्म उघडला. काय घडलं, काय सुधारलं, पुन्हा होणार नाही याची खात्री काय. भाऊ म्हणाले, व्हायरस होता, काढला, असं लिहू, सगळे तेच लिहितात. मी म्हणाले, खरं लिहा. ते म्हणाले, खरं लिहिलं तर यादी तपासल्याचंही लिहावं लागेल. मी म्हणाले, लिहा, तपासते. त्यांनी लिहिलं आणि पाठवलं. पडद्यावर उत्तर आलं: विनंतीचा विचार केला जाईल, एक दिवस लागू शकतो.

बारा चाळीस. एक दिवस. तीन वाजता शिफ्ट.

मी माझ्या घरच्या पत्त्यावरून मेल केला. लगेच आपोआप उत्तर आलं की हा पत्ता नोंदलेल्या पुरवठादाराचा नाही, मेल वाचला जाणार नाही. त्या मुलीला पुन्हा फोन केला. जेवणाची सुट्टी, कुणी उचलेना. गेटवर फोन केला. सुरक्षावाला म्हणाला, भेटीचा पास काढा, पासची विनंती कंपनीच्या मेलवरून करा. मी त्याला काय सांगणार होते?

त्या वेळी मला जे दिसत होतं ते लिहून ठेवते, कारण नंतर लोकांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं नाही. मला एक गाडी दिसत होती. पांढरी. उतारावर. आत कोण आहे ते दिसत नव्हतं, फक्त पेडलवर दाबलेला पाय दिसत होता, आणि पाय खाली जात होता, जात होता. कारखान्याशी नातं तुटेल, आण्णांची शेड बंद पडेल, हेही डोक्यात यायला हवं होतं. आलं नाही. तो पाय तेवढा दिसत होता.

आण्णा खिडकीशी उभे होते. बाहेर टेम्पो उभा होता, हारासकट. ते म्हणाले, "माल घेऊन गेलं तर आत सोडत्यात न्हवं?"

"माल असेल तर चलनावर सोडतात."

"आन् चलन कोण वाचतं?"

"स्टोअरवाले. त्यांना सही-शिक्का करावाच लागतो."

बोलता बोलता मला कळलं ते काय म्हणतायत. कारखान्यात आमचा मेल जात नव्हता, आमचा फोन जात नव्हता, आम्ही जात नव्हतो. आमचा माल जात होता. चलन हा कागद ते नाकारू शकत नव्हते.

गुरुवारच्या सुट्टीमुळे पाठवायचे राहिलेले आदल्या लॉटचे दोन चांगले क्रेट शेडमध्ये होते. मॅडमने त्यांतले दोन नग तिथेच तोडून बघितले. पत्रा फाटला, जोड टिकले. मी चलन केलं आणि शेऱ्याच्या रकान्यात लाल पेनाने लिहिलं: बुधवारी दिलेल्या लॉटचा वापर ताबडतोब थांबवा, वेल्डिंग सदोष, ब्रेकचा भाग. लॉट नंबर लिहिताना एक आकडा चुकला. दुसरं चलन केलं.

ड्रायव्हर गावी होता. आण्णा म्हणाले, "म्या चालवतो. तीस वर्सं ट्रॅक्टर चालवलाय, ह्यो काय." टेम्पोसोबत एक हेल्पर आत जाऊ शकतो. मॅडमला पाठवावं असं वाटलं, पण इकडे उरलेला माल तपासायला तीच हवी होती. मी जाते म्हणाले. हेल्परला सेफ्टी शूज लागतात. मॅडमने तिचे काढून दिले. दोन नंबर मोठे. मी पुढे रुमाल कोंबला आणि साडी वर खोचून टेम्पोत चढले.

"ताई, घसरू नका तिकडं," भाऊ म्हणाले. "मी फॉर्म बघत बसतो."

एक वाजून पाच मिनिटं. महाळुंग्याहून निघालो. चाकणच्या चौकाच्या अलीकडेच ट्रकांची रांग. मार्केटकडे वळणाऱ्या कांद्याच्या गाड्या, कंपन्यांच्या बसेस, त्यांच्यामध्ये घुसलेल्या रिक्षा. आण्णा ट्रॅक्टरसारखाच टेम्पो चालवत होते, म्हणजे रस्त्याला शेत समजून. एका बसवाल्याने डोकं बाहेर काढून विचारलं, "आण्णा, आज स्वतः? ड्रायव्हर पळाला का?"

"सोनं वाटायला गेलाय," आण्णा म्हणाले आणि त्याच्यापुढे टेम्पो घातला.

मी घड्याळ बघत होते. एक चाळीसला आम्ही चौकातच होतो. एक पन्नासलाही. माझे हात मांडीवर एकात एक अडकवलेले होते आणि मी ते सोडवत नव्हते. आण्णांनी एकदाच माझ्याकडे बघितलं. "ताई, तो हातोडा म्या अडवला. माझ्यामुळं ऱ्हायलं त्ये."

"तुम्ही नाही अडवला. आम्ही विचारलंच नाही."

"इचारलं असतं तर म्या न्हाईच म्हनलो असतो."

दोन दहाला गेट. सुरक्षावाल्याने टेम्पोभोवती चक्कर मारली, माझ्या पायांकडे बघितलं, बूट होते. मग चेहऱ्याकडे. "हेल्पर तुम्ही?"

"हो."

"वय काय?"

"माल उतरवायला वय लागतं का?" मी विचारलं. एरवी मी असं बोलत नाही. तो जरा मागे सरला आणि शिक्का मारला.

स्टोअरला आमच्यापुढे तीन गाड्या होत्या. दोन पस्तीसला आमचा नंबर लागला. खिडकीतल्या माणसाने नग मोजले, चलन घेतलं, शिक्का उचलला. त्याने शेरा वाचलाच नव्हता. शेऱ्यात सहसा काही नसतंच. मी हात पुढे करून त्या कागदावर ठेवला. शिक्का माझ्या बोटांवर उमटला.

"मॅडम, काय करताय?"

"आधी वाचा. मोठ्याने वाचा."

तो चिडला होता, पण वाचायला लागला. 'ब्रेकचा भाग' इथपर्यंत आला तेव्हा त्याचा आवाज खाली आला. त्याने कॉम्प्युटरवर लॉट नंबर घातला आणि मला त्याच्या चेहऱ्यावरूनच कळलं की काहीतरी आहे.

"तीन क्रेट इथं रॅकवर आहेत," तो म्हणाला. "चौथा दोन वाजता लाइनवर दिलाय. आज वेगाने चालू आहे, आधीचा माल लवकर संपला."

मी तीनचा हिशेब धरून बसले होते. लाइन माझ्या वेळापत्रकाने चालत नव्हती.

त्याने आतला फोन उचलला. तो फोन थेट लाइनवर जात होता. इतका साधा, पिवळ्या पडलेल्या वायरचा फोन, ज्याच्यापर्यंत पोचायला मला पूर्ण दिवस लागला. दोन मिनिटांत आतला भोंगा वाजला आणि तो सतत चालू असलेला घरघर आवाज थांबला. मी जमिनीवर रंगवलेल्या पिवळ्या पट्टीच्या अलीकडे उभी होते, कारण त्यापलीकडे हेल्परला जायची परवानगी नाही. एवढी मोठी जागा गप्प झालेली मी पहिल्यांदाच ऐकली.

वीस मिनिटांनी एक माणूस ढकलगाडीवर चौथा क्रेट घेऊन आला. आम्ही मोजले. चौतीस. पुन्हा मोजले. आण्णांनी एकेक हातात घेऊन मोजले. चौतीसच.

सहा गेले होते.

दोन वाजल्यानंतर ज्या गाड्यांत ब्रॅकेट बसले त्या अजून लाइनवरच होत्या. त्यांनी त्या एकेक करून उघडल्या. पाचांत या लॉटचे ब्रॅकेट होते. पाचही काढून आणले आणि माझ्यासमोर क्रेटमध्ये ठेवले. मग त्यांनी त्या तासातल्या पुढच्या-मागच्या सगळ्या गाड्या उघडल्या. त्यांत आधीच्या लॉटचे, चांगले ब्रॅकेट होते. सहावा कुठेच नव्हता.

त्यांचा शिफ्टचा अधिकारी आला. तरुण, शांत माणूस. तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं. त्याने विचारलं, "मॅडम, क्रेटमध्ये चाळीसच होते याची खात्री आहे?"

मोजणीच्या पत्रकावर मॅडमची सही होती, आणि सहीवर माझी सही. मी हो म्हणाले. मग लगेच वाटलं, खरंच आहे का? मंगळवारची संध्याकाळ, मशिनं पुसायची घाई, पाट मांडायची घाई. मी ती सही मोजून केली होती की विश्वासाने?

परतताना आण्णांनी रस्त्यात एका टपरीवर टेम्पो उभा केला. चहा आला. मला तो पिता आला नाही. बोटांवरचा शिक्का निळा होता.

शनिवारी दुपारी आमचं नाव त्या यादीतून निघालं. भाऊंनी फोन करून सांगितलं, "सुटलो ताई. तुमचं खरं लिहिलेलं चाललं की, राव." मी माझ्या यादीतून पत्ते काढायला बसले. बंद कंपन्या, निवृत्त माणसं, वारलेली माणसं. प्रत्येकाला फोन करून विचारलं, पत्ता चालू आहे का, निमंत्रण हवं आहे का. जे गेले त्यांच्या घरीही दोन ठिकाणी फोन लागला, आणि मी काय विचारायला फोन केला ते मला सांगता आलं नाही. 'परत आलेले' हे फोल्डर आता नाही. परत आलेला मेल आला की कॉम्प्युटर आवाज करतो, आणि मी प्रत्येक वेळी दचकते.

मेल आता पोचतात. कारखान्याचे तेच साहेब रजेवरून आल्यावर त्यांचा मेल आला, विषय: सहावा नग. त्याला एक तक्ता जोडलेला आहे. पाच नगांपुढे गाडीचा क्रमांक आणि 'काढला' असं लिहिलेलं आहे. सहाव्यापुढे 'कुठे आहे' आणि 'कसं कळलं' हे दोन रकाने आम्ही भरून पाठवायचे आहेत. मॅडम म्हणते, मुळात एकोणचाळीसच भरले असतील, तसं लिहूया. आण्णा म्हणतात, दिसल्याबिगर लिहायचं न्हाई. कारखान्याने त्यांच्याकडच्या गाड्या दुसऱ्यांदा उघडल्या. आम्ही आमची शेड झाडून काढली, प्रेसच्या खालची माती चाळली, पाट उचलून बघितले, टेम्पोच्या फळ्या काढल्या. मंगळवारच्या भंगाराच्या तीन पेट्या होत्या, क्रेट भरताना एखादा नग त्यांत पडला असू शकतो. दोन उपसून झाल्या. तिसरी भंगारवाल्याने बुधवारी सकाळीच नेली, पूजेआधी शेड स्वच्छ हवी म्हणून मीच त्याला लवकर बोलावलं होतं. ती कुदळवाडीत त्याच्या ढिगात पडली आहे असं तो सांगतो, अजून वितळवायला गेलेली नाही. तिथे जाऊन ती उपसायची आहे.